प्रस्तावना : पत्ता कोणता, आणि कोणासाठी?

केबलवाल्याकडून नेट घेतलेल्या घरात राउटर बदलला की नेट बंद पडते आणि पहिला फोन त्याच्याच माणसाला जातो. तो शांतपणे म्हणतो, "नव्या राउटरचा मॅक पाठवा, बाइंड करून देतो." 'मॅक' हा शब्द आधी कधी न ऐकलेला ग्राहक राउटर उलटा करतो, खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत छापलेल्या चार-पाच ओळी वाचायचा प्रयत्न करतो आणि शेवटी सगळ्या स्टिकरचाच फोटो काढून पाठवतो. त्याच स्टिकरवर वायफायचा पासवर्डही छापलेला असतो, हे लक्षात कोण घेतो! वसतिगृहात नव्याने आलेली विद्यार्थिनी अर्जातल्या 'लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस' या रकान्यापाशी अडते. शाळेच्या संगणक कक्षाचे काम अंगावर पडलेल्या गणिताच्या शिक्षकांना वीस यंत्रांची यादी करायची असते आणि प्रत्येक यंत्र त्यांना एकाऐवजी चार-चार पत्ते दाखवते. हे पुस्तक अशा अडलेल्या माणसांसाठी आहे.

मॅक ॲड्रेस म्हणजे नेटवर्कला जोडता येणाऱ्या भागाला कारखान्यात मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक. भागाला, यंत्राला नव्हे. लॅपटॉपमधल्या लॅन कार्डाचा एक, वायफायचा दुसरा, ब्लूटूथचा तिसरा. हेक्साडेसिमल पद्धतीत लिहिला की त्याची बारा अक्षरे होतात, ० ते ९ आणि ए ते एफ यांच्यातली. विंडोज दोन-दोन अक्षरांमध्ये आडवी रेघ घालते, लिनक्स आणि फोन दोन ठिपके घालतात, सिस्कोची उपकरणे चार-चार अक्षरांनंतर एक टिंब देतात. दिसायला तिन्ही वेगळे, पत्ता तोच. कार्यालयीन अर्ज भरताना निम्मा गोंधळ या रेघा-ठिपक्यांचाच असतो.

उरलेला निम्मा गोंधळ शेजारच्या क्रमांकांमुळे होतो. आयपी ॲड्रेस नेटवर्क देते आणि जागा बदलली की तो बदलतो. आयएमईआय हा मोबाईल हँडसेटचा १५ अंकी क्रमांक. *#०६# डायल केले की दिसतो. फोन चोरीला गेल्यावर 'संचार साथी'वर जो क्रमांक देऊन तो बंद करता येतो तो आयएमईआय. तिथे मॅक ॲड्रेसचा काही उपयोग नाही. तरी 'माझ्या फोनचा मॅक नंबर आहे, त्यावरून शोधून द्या' असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांच्या मनात मॅक ॲड्रेस म्हणजे यंत्राचा आधार क्रमांक असतो. एकदा मिळाला, जन्मभर तोच, आणि कुठेही दाखवला तरी ओळख पटणार. या तिन्ही समजुती आज चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या ठरल्या हे कळले, तर पत्ता शोधण्याची युक्ती वेगळी शिकवावी लागत नाही.

सगळ्यात आधी पोहोच. मॅक ॲड्रेस पहिल्या राउटरच्या पलीकडे जात नाही. आपला संगणक घरातल्या प्रिंटरशी किंवा राउटरशी बोलतो तेव्हा त्याला समोरच्याचा आयपी माहीत असतो. मॅक माहीत नसतो. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारा करतो की, हा आयपी ज्याचा असेल त्याने आपला मॅक सांगावा. ज्याचा असतो तो उत्तर देतो. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या क्रमांकाच्या इंटरनेट-दस्तऐवजात मांडलेली ही एआरपी पद्धत घरच्या वायफायवर आजही तशीच चालते. राउटरने पाकीट पुढे पाठवले की त्यावरचा जुना मॅक गळून पडतो आणि राउटरचा स्वतःचा लागतो. म्हणून नाशिकमध्ये बसून उघडलेल्या संकेतस्थळाला आपला मॅक ॲड्रेस दिसत नाही. तो दिसतो त्याच वायफायवरच्या माणसाला आणि त्या वायफायच्या मालकाला. फोनचे वायफाय चालू असेल, तर आसपास कान लावून बसलेल्या कोणालाही.

या क्रमांकाचा जन्म कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातला. बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात ईथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ती उभी केली. त्या प्रायोगिक ईथरनेटमध्ये पत्ता होता फक्त ८ बिटांचा. एका इमारतीपुरते ते भागत होते. पुढे डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून सप्टेंबर १९८० मध्ये १० मेगाबिटच्या ईथरनेटचे प्रमाण प्रसिद्ध केले, त्यात पत्ता एकदम ४८ बिटांवर गेला. एवढा मोठा कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्याचे सविस्तर उत्तर १९८१ मध्ये योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी एका निबंधात दिले. दलाल पवईच्या आयआयटी मुंबईचे अभियंते. पुढे स्टॅनफर्डला व्हिंट सर्फ यांचे विद्यार्थी झाले आणि इंटरनेटच्या टीसीपी नियमावलीचा डिसेंबर १९७४ चा पहिला मसुदा, आरएफसी ६७५, लिहिणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, ते घ्यायला हवे.

दलाल-प्रिंटिस यांचा मुद्दा साधा होता. पत्ता देताना त्या नेटवर्कवर आणखी कोण आहे हे विचारायची गरज पडू नये. यंत्र एका इमारतीतून उचलून दुसरीकडे लावले तरी पत्ता तोच राहावा आणि तो दुसऱ्या कोणाशी जुळू नये. हे साधायचे तर आकडा एवढा मोठा हवा की कारखान्यांना आपापले गठ्ठे वाटून देता येतील आणि ते संपणार नाहीत. ४८ बिटांत २८१ लाख कोटींहून जास्त पत्ते बसतात. आधी झेरॉक्स हे गठ्ठे वाटत असे, नंतर ते काम आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडे गेले. पत्त्याची पहिली सहा अक्षरे उत्पादकाची आणि उरलेली सहा त्याने प्रत्येक नगाला द्यायची. एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ नग. छोट्या उत्पादकांसाठी आता लहान गठ्ठेही मिळतात, सगळ्यात लहान ४०९६ चा. झेरॉक्सने स्वतःला अगदी पहिले, शून्यांनी भरलेले गठ्ठे ठेवून घेतले. घरचेच कार्य, पहिली पंगत घरच्यांची!

त्या काळी हाच एक मार्ग होता असे मात्र नाही. डेटापॉइंट कंपनीच्या आर्कनेटमध्ये पत्ता ८ बिटांचा असे आणि तो कार्डावरच्या आठ छोट्या बटणांनी हाताने लावावा लागे. कार्ड बाहेर काढायचे, बारीक पेचकसाच्या टोकाने बटणे वर-खाली करायची, तो क्रमांक वहीत लिहायचा आणि कार्ड परत बसवायचे. दोन यंत्रांवर चुकून एकच क्रमांक लागला की सगळे नेटवर्क अडखळायचे आणि मग ती वही शोधायची. ॲपलच्या लोकलटॉकने दुसरेच टोक गाठले. चालू होताच यंत्र एखादा क्रमांक स्वतःच उचलायचे, 'हा कोणाचा आहे का' असे विचारायचे आणि कोणी ओ दिली नाही तर तोच आपला मानायचे. म्हणजे तीन विचार झाले: पत्ता तंत्रज्ञाने द्यावा, यंत्राने स्वतः घ्यावा, की कारखान्याने द्यावा. ईथरनेट जिंकले आणि त्याच्याबरोबर कारखान्याचा विचार जिंकला. ते जिंकण्यामागे स्वस्त तार आणि स्वस्त चिप ही कारणे पत्त्यापेक्षा मोठी होती, हेही सांगायला हवे.

जिंकणाऱ्यांच्या घरातही एकमत नव्हते. झेरॉक्सच्या मूळ कल्पनेत पत्ता यंत्राचा होता, कार्डाचा नव्हे. सन कंपनीच्या वर्कस्टेशनांनी ती परंपरा बराच काळ चालवली; एका यंत्रात चार जोडण्या असल्या तरी चारींना एकच पत्ता. बाकी जगाने प्रत्येक कार्डाला वेगळा पत्ता दिला. डिजिटलचे डेकनेट कारखान्याचा पत्ता बाजूला सारून एए-००-०४-०० ने सुरू होणारा स्वतःचा पत्ता चढवत असे. आयबीएमच्या टोकन रिंगवर अनेक मोठ्या संस्थांचे तंत्रज्ञ ४००० ने सुरू होणारे पत्ते आपल्या हाताने ठरवत, म्हणजे पत्त्यावरून मजला आणि टेबलही ओळखता येई. कारखान्याने दिलेला पत्ता बदलता येत नाही, हे म्हणणे त्या दिवसांतही खरे नव्हते. सॉफ्टवेअरला वाटेल तो पत्ता चढवता येतो आणि प्रमाणातच त्याची सोय आहे.

ती सोय पहिल्या बाइटच्या दोन बिटांत आहे आणि वाचकाने या पुस्तकातून एकच गोष्ट घ्यायची तर ती ही घ्यावी. पत्त्याचे दुसरे अक्षर पाहायचे. ते २, ६, ए किंवा ई असेल तर हा पत्ता कारखान्याचा नाही. यंत्राने, एखाद्या प्रोग्रॅमने किंवा माणसाने तो ठरवला आहे. दुसरे अक्षर विषम असेल, तर तो एका यंत्राचा पत्ताच नाही, गटाला उद्देशून केलेली हाक आहे. बाराही जागी एफ असलेला पत्ता म्हणजे सगळ्यांना हाक. आज फोनवर जोडलेल्या वायफायच्या तपशिलात दिसणारा पत्ता या कसोटीला लावून पाहावा. बहुतेकांना २, ६, ए, ई यांपैकीच एक अक्षर दिसेल.

विंडोजच्या लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही आज्ञा दिली की काय दिसते ते पाहू. एकामागून एक गट उतरत जातात आणि प्रत्येकात 'फिजिकल ॲड्रेस' अशी ओळ असते. पहिला गट बहुधा तारेच्या जोडणीचा. तार लावलेली नसेल तर 'मीडिया डिसकनेक्टेड' असे लिहिलेले, पण पत्ता आहेच. मग 'लोकल एरिया कनेक्शन' आणि पुढे फुली, असा एखादा-दुसरा गट. ही खरी कार्डे नव्हेत. फोनवर किंवा टीव्हीवर स्क्रीन पाठवता यावा म्हणून विंडोजने वायफाय चिपमधून उभे केलेले हे तोतये आहेत आणि त्यांचा पत्ता पुष्कळदा खऱ्या वायफायच्या पत्त्याहून एकाच अक्षराने वेगळा असतो. त्याखाली खरे वायफाय, मग ब्लूटूथ. विद्यार्थ्याने यंत्रातच दुसरे यंत्र चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स टाकले असेल तर ०ए-००-२७ ने सुरू होणारे पाहुणेही त्या यादीत शिरू शकतात. 'गेटमॅक' ही आज्ञा आणखी आखूड उत्तर देते, पण कोणता पत्ता कोणाचा हे ती /व्ही जोडल्याशिवाय सांगत नाही. वसतिगृहाच्या अर्जात वरचा पहिला पत्ता उतरवून देणारी मुलगी तारेच्या कार्डाचा पत्ता देते आणि मग आठवडाभर वायफाय का मिळत नाही म्हणून चकरा मारते. दोष तिचा नाही. अर्जात 'वायफायचा' हा एक शब्द घालायचा कोणाला सुचले नाही.

फोनवर वेगळे घडते. तिथे पत्ता शोधणे सोपे, पण मिळालेला पत्ता पुरता नसतो. आयफोनवर 'जनरल'मधल्या 'अबाउट'मध्ये आणि अँड्रॉइडवर 'अबाउट फोन'मध्ये वायफायचा पत्ता दिलेला असतो. पण जोडलेल्या वायफायच्या नावाशेजारची खूण दाबून तपशील उघडले की तिथे दुसराच पत्ता सापडू शकतो आणि नेटवर्कला दिसणारा पत्ता तोच असतो. दुसऱ्या वायफायवर गेलात की तिसरा.

असे का झाले, याची गोष्ट या विषयातला सगळ्यात मोठा फेरा आहे. फोनचे वायफाय चालू असले की तो ओळखीची नेटवर्के शोधत हवेत हाका मारत राहतो आणि प्रत्येक हाकेबरोबर आपला पत्ता सांगतो. ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनच्या जुन्या व्यापारी भागात रस्त्यावरच्या जाहिरातीच्या कचराकुंड्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनचे मॅक ॲड्रेस टिपत असल्याचे उघड झाले, तेव्हा तिथल्या प्रशासनाने ते बंद करायला लावले. कुंडीला माणसाचे नाव माहीत नव्हते. पण तोच पत्ता रोज नऊ वाजता त्याच कोपऱ्यावर येतो, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, वर्ड ९७ मध्ये तयार केलेल्या फायलींत संगणकाच्या लॅन कार्डाचा पत्ता नकळत दडून राहतो हे उघडकीला आले होते. आयपीव्ही६ मध्येही सुरुवातीच्या पद्धतीत मॅक ॲड्रेस मधोमध फोडून, एफएफएफई घालून तो थेट आयपीतच गुंफला जाई. म्हणजे राउटरपलीकडे न जाणारा पत्ता जगभर फिरू लागे. त्यावर उतारा म्हणून तात्पुरते पत्ते वापरण्याची सोय २००१ मध्ये मांडली गेली.

फोनवाल्यांनी मग कारखान्याचा पत्ता लपवायला सुरुवात केली. ॲपलने २०१४ मध्ये आयओएस ८ मध्ये नेटवर्क शोधतानाच्या हाकांसाठी बनावट पत्ते आणले आणि २०२० मध्ये आयओएस १४ मध्ये प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दिला. अँड्रॉइड १० ने २०१९ मध्ये तीच गोष्ट आपोआप चालू ठेवली. ॲप्सना मॅक ॲड्रेस विचारायची मुभाही काढून घेतली गेली; अँड्रॉइड ६ पासून अशा ॲपला ०२:००:००:००:००:०० असे ठरलेले पोकळ उत्तर मिळू लागले. हे सगळे निर्दोष झाले असे नाही. अमेरिकी नौदल अकादमीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की अनेक फोन पत्ता बदलूनही ओळखता येतात. आयफोनचा खरा पत्ता काही संदेशांतून गळत असल्याचे आढळले आणि ते ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस १७.१ ने दुरुस्त झाले. पण दिशा ठरली आहे. कारखान्याचा विचार जिंकला म्हटला, तोच आता यंत्राने स्वतः पत्ता घ्यावा हा लोकलटॉकचा जुना विचार दुसऱ्या कारणासाठी परत आला आहे.

अडचण अशी की पत्त्यावर विसंबणाऱ्या संस्थांना हे अजून कळलेले नाही. केबलवाला, वसतिगृह, कारखान्याचे गेट, सगळीकडे अजून एका यंत्राचा एक पत्ता गृहीत धरून याद्या केल्या जातात. जम्मू-काश्मीरमध्ये जानेवारी २०२० पासून इंटरनेट टप्प्याटप्प्याने सुरू करताना गृह विभागाच्या आदेशांत तारेच्या जोडणीसाठी 'मॅक-बाइंडिंग'ची, म्हणजे नोंदवलेल्या मॅकलाच जोडणी देण्याची, अट घातलेली होती. म्हणजे हा तांत्रिक शब्द आपल्या देशात सरकारी हुकमातही पोहोचला आहे. माझे मत स्पष्ट आहे. मॅकची यादी हजेरीपुरती ठीक, संरक्षण म्हणून निरुपयोगी. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २०१० मध्ये ॲरन स्वार्ट्झ या प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपचा पत्ता अडवला, तेव्हा त्यांनी त्याचे शेवटचे अक्षर बदलून पुन्हा जोडणी मिळवली. तेवढे आज कोणालाही काही मिनिटांत जमते. घरच्या राउटरवरही 'मॅक क्लोन' नावाची सोय असते आणि केबलवाल्याची माणसेच ती वापरायला शिकवतात.

मग शोधायचा तरी कशाला? कारण त्याची गरज संपलेली नाही, बदलली आहे. घरच्या राउटरवर प्रिंटरला कायमचा आयपी बांधून द्यायचा, अनोळखी फोन कोणाचा आहे ते पाहायचे, संगणक दुरून जागा करायचा, एकाच व्हर्च्युअल यंत्राच्या दोन प्रती चालवल्यावर दोघे एकमेकांना का ढकलताहेत ते शोधायचे, या सगळ्याला पत्ता लागतोच. फक्त आता आधी विचारावे लागते: कोणत्या जोडणीचा, कारखान्याचा की वापरातला, आणि मागणारा तो कुठे ताडून पाहणार आहे? लिनक्सवर 'आयपी लिंक' ही आज्ञा नव्या आवृत्त्यांत, कारखान्याचा आणि वापरातला पत्ता वेगळे असले की, दोन्ही दाखवते. चालू पत्ता 'लिंक/ईथर'पुढे आणि मूळचा त्याच ओळीत 'परमॲडर'पुढे. इतर यंत्रांनीही हे इतक्या सरळपणे दाखवले असते तर या पुस्तकाची पाने कमी झाली असती.

या पुस्तकाने विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन घेतले आहेत, शिवाय टीव्ही, प्रिंटर आणि राउटर, कारण घराघरांत आता संगणकापेक्षा हीच यंत्रे जास्त झाली आहेत. 'इथे दाबा, तिथे दाबा' अशी पुस्तके दोन वर्षांत जुनी होतात. सेटिंग्जमधली नावे प्रत्येक आवृत्तीत हलतात आणि अँड्रॉइडवर तर प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. म्हणून वाटा दाखवल्या आहेतच, पण भर आहे तो सापडलेला पत्ता तपासण्यावर. पत्ता बदलून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरण्याच्या युक्त्या इथे नाहीत. ब्लूटूथचा विषय थोडक्यात आटोपला आहे. त्यातले बरेच पत्ते काही मिनिटांनी बदलतात आणि सामान्य वापरात ते कोणी मागत नाही.

पुस्तकातल्या उदाहरणांत ००-००-५ई-००-५३ ने सुरू होणारे पत्ते छापले आहेत. हा गठ्ठा दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठीच राखलेला आहे, तो कोणाच्याही यंत्राचा नाही; अर्जावर तो उतरवू नये. वाचकांना एक विनंती आहे. स्वतःच्या यंत्रांची यादी करताना प्रत्येक पत्त्यापुढे जोडणीचे नाव, वायफायचे नाव आणि तारीख लिहावी, आणि ती यादी किंवा राउटरखालच्या स्टिकरचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. पुस्तकात दिलेला एखादा मेनू आपल्या फोनवर त्या नावाने सापडला नाही, तर फोनचे मॉडेल आणि आवृत्ती लिहून प्रकाशकांकडे कळवावे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल.